नाइलाजाने?

काल रात्री फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "ताई, नाइलाजाने फॅमिली मेडिसीनच घ्यावं लागेल बहुतेक." इलाज करायला निघालेली पोरगी आणि तोंडात काय, तर नाइलाज! शेजारी आई होती म्हणून तेव्हा गप्प बसले. आता ओपीडी आटपलीय, दवाखान्याचं शटर अर्धं ओढलंय, तर लिहिते. सावकाश वाच.

तुझी अडचण कळते मला. रेडिऑलॉजीला रँक पुरत नाही, स्किनचं तर नावच नको, आणि यादीत खाली खाली उतरत गेलं की डीएनबी फॅमिली मेडिसीन हाताला लागतं. मैत्रिणी म्हणत असतील, तीन वर्षं घालवून शेवटी जनरल प्रॅक्टिसच करायची तर ती आत्ताच कर की. मीही स्वतःला हेच विचारलं होतं. उत्तर मिळालं ते बॉण्डच्या वर्षात, शिरूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात. तुला ही गोष्ट मी कधी सांगितली नाही, कारण तिच्यात मी चांगली दिसत नाही.

ऊसतोडीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. पहाटे एका टोळीतल्या बाईला आणलं. पोटात कळा, दोन उलट्या. रात्री कोपीत जमिनीवर निजलेली. पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. ॲसिडिटीचं इंजेक्शन लिहिलं, सलाईन लावायला सांगितलं आणि चहाकडे वळले. आमच्या सिस्टर त्या केंद्रात वीस वर्षं काढलेल्या. त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, पापण्या बघा हिच्या. झोप नाय ती." खरंच, पापण्या मिटत चालल्या होत्या, जीभ जड झाली होती. मण्यार! तिचे दात इतके बारीक की खूण सापडेलच असं नाही. सूज नाही, आग नाही. झोपेत चावते आणि सकाळी माणूस पोटदुखी घेऊन दारात येतं. सापाच्या विषावरच्या एएसव्हीच्या १० व्हायल सुरू केल्या, १०८ बोलावली. वाटेत तिचा श्वास मंदावला. नळी घालायला हवी होती आणि मला ती येत नव्हती. कॉलेजात पुतळ्यावर एकदा घातली होती, तेवढंच. नगर रस्त्याने पुण्यापर्यंत ॲम्ब्यू बॅग दाबत गेले, हाताला गोळे आले. ती वाचली, पण ते सिस्टरमुळे.

म्हणून मी फॅमिली मेडिसीनच घेतलं. रेसिडेन्सीत भुलेच्या पोस्टिंगला पहिल्या दिवशी मी सांगूनच टाकलं, मला नळी शिकायचीय, बाकी काम काय ते सांगा. मेडिसीन, बालरोग, प्रसूती, सर्जरी, कॅज्युअल्टी, मग थोडे थोडे दिवस डोळे, कान-नाक-घसा, स्किन, मानसोपचार असं सगळं फिरवतात. तू म्हणशील, हे एमबीबीएसला झालंय की. झालंय, पण तिथे निर्णय दुसऱ्या कुणाचा तरी असायचा. इथे रात्री दोन वाजता तो तुझा असतो आणि सकाळी राउंडला कुणीतरी विचारतं, हे का केलंस? दवाखाना थाटल्यावर असं विचारणारं कुणी उरत नाही बघ. पेशंट विचारत नाही, एमआर तर मुळीच नाही. त्याला तू जास्त लिहिलेलंच बरं.

आता कडूही ऐक. मी जिथे शिकले तिथे आम्ही प्रत्येक विभागात पाहुण्या होतो. मेडिसीनवाल्यांना वाटायचं ही दोन महिन्यांत जाणार, हिला कशाला शिकवा? मग डिस्चार्ज कार्डं लिही, रिपोर्ट गोळा कर. लेबर रूमला तर स्वतःच्या पीजींनाच केसेस पुरत नव्हत्या. मी रडले, मग कोडगी झाले, सिस्टरांशी मैत्री केली आणि रात्रीच्या ड्युट्या मागून घेतल्या. रात्री सगळ्यांना माणूस हवंच असतं! म्हणून सीट घेण्याआधी वेबसाइट बघत बसू नकोस. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला गाठ आणि विचार: फॅमिली मेडिसीनची स्वतःची ओपीडी आहे का? तोच पेशंट तुझ्याकडे परत येतो का? थिसिसचे गाइड भेटतात का? स्टायपेंड वेळेवर होतो का? पहिल्या दोन प्रश्नांना ती घुटमळली तर तिथे जाऊ नकोस, हॉस्पिटल कितीही चकाचक असो. २०२० पासून दोन वर्षांचा डिप्लोमाही निघालाय, पण जमत असेल तर पूर्ण डीएनबीच कर. तिसऱ्या वर्षीच माझा हात खरा बसला.

आणि हे खालच्या पायरीचं काम आहे हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? ब्रिटनमध्ये १९८२ पासून हे प्रशिक्षण घेतल्याशिवाय जीपी होताच येत नाही. ब्रिटन सोड, श्रीमंतांचं घर. आपल्या शेजारच्या नेपाळने त्याच १९८२ साली जनरल प्रॅक्टिसचं एमडी सुरू केलं. त्यांचे जीपी डोंगरातल्या जिल्हा रुग्णालयात सिझेरियन करतात, हाडं बसवतात. आपल्याकडे इंटर्नशिप संपली, नोंदणी झाली की बोर्ड लावायला मोकळे. मीही तशीच लावणार होते. आता निदान २०२१ च्या बॅचपासून सगळ्याच पीजींना तीन महिने जिल्हा रुग्णालयांत काढावे लागतात. तुझ्या मैत्रिणी त्याला शिक्षा म्हणतील, म्हणू देत.

पुण्याला जाता-येता एकदा वढू बुद्रुकला उतर. संभाजी महाराजांच्या समाधीला आपण लहानपणी गेलोय, पण त्याच गावात पुण्याच्या केईएमचं ग्रामीण रुग्णालय आहे. १९७० च्या दशकात डॉ. बानू कोयाजींनी तिथे काम उभं केलं, गावातल्याच बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. पुढे त्यांना मॅगसेसे मिळालं, १९९३ साली. मला त्यातलं बायांना शिकवणं सगळ्यात भावतं. माझा जीव पापणी ओळखणाऱ्या सिस्टरांवर जडलाय ना, म्हणून असेल.

पैशाचं विचारलंस. पोट भरतं, बंगला लगेच होत नाही. सरकारी जाहिरातीत फिजिशियन, स्त्रीरोग, बालरोग लगेच दिसतं, आपली पदवी शोधावी लागते. लोकांनाही ती कळत नाही. माझा बोर्ड रंगवणाऱ्याने "फॅमिली" एवढ्या मोठ्या अक्षरात काढलं की पहिल्याच आठवड्यात एक आजी सुनेला घेऊन आल्या, "ऑपरेशन इथंच होतं ना?" त्यांना कुटुंब नियोजन वाटलं! सुनेची तपासणी केली तर हिमोग्लोबिन सात. आता ते घर माझ्याकडेच येतं: आजींची शुगर, सुनेचं रक्त, नातवाचा दमा, आणि मुलाची दारू, जिच्याबद्दल कुणी बोलायला तयार नव्हतं. ती चौथ्या भेटीत बाहेर आली. नाहीतर शुगरच्या गोळ्यांसाठी दौंडहून शटल धरून ससूनला जाणारे कितीतरी आहेत गं, एका गोळीपायी दिवसाचा रोज बुडवतात.

अण्णांना मी समजावते. "तीन वर्षं, मग लग्न कधी" हे ते म्हणणारच, माझ्या वेळीही म्हणाले होते. तू फक्त त्यांच्यासमोर तो शब्द पुन्हा काढू नकोस. तू नाइलाजाने म्हणालीस की ते लगेच म्हणतील, मग नकोच.

रविवारी चौफुल्यामार्गे ये. सोमवारी ओपीडीला माझ्याशेजारी बस, गर्दी असते. माझं जुनं लॉगबुक माळ्यावरच्या पेटीत आहे, ते घेऊन ये. आणि आईकडून शेंगदाण्याची चटणी.