सायकलची चेन ताणते का?

प्रश्न : आमच्या दोघी मुली मळ्यातून भवानीनगरच्या शाळेत सायकलने जातात. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची धूळ एवढी की चेन करकर वाजते. दर रविवारी खोबरेल तेल सोडतो, तरी ती सैल होते आणि पडते. लोखंड खरंच इतकं ताणतं का? घरी काय करता येईल?
— एक पालक, ता. इंदापूर

उत्तर : शाळकरी मुलींच्या पायांनी पोलाद ताणलं जात नाही. झिजतात त्या पिना. एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच अंतर असतं आणि साध्या सायकलच्या चेनमध्ये असे शंभराच्या आसपास सांधे असतात. प्रत्येक सांध्यात 0.06 मिलिमीटर झीज झाली, तरी अख्खी चेन सहा मिलिमीटरने लांबते. आपल्याला ती ताणल्यासारखी वाटते.

पिन, तिच्यावर बुश, त्यावर फिरणारा रोलर ही रचना हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये मँचेस्टरला शोधली. साध्या सायकलींना आजही बहुतेक तीच असते. तेल लागतं ते आत, पिनेपाशी. वरून थापलेलं तेल फक्त धूळ धरतं.

आणि धुळीला आपल्याकडे तोटा नाही. बारामती-इंदापूरची काळी माती पावसात चेनला लिंपली जाते, तर गाळप सुरू झालं की तीच पीठ होऊन उडते. खोबरेल त्यात भरच घालतं. हळूहळू चिकट होतं, डिसेंबरच्या पहाटे तर बाटलीतच थिजतं. त्यात माती कालवली गेली की पिनांवर कानस चालल्यासारखंच. गॅरेजवाला फुकट देतो ते जळकं ऑइलही नको, त्यात इंजिनाच्या झिजेचा कीस असतो. ग्रीस तर या रस्त्यांवर मुळीच नको.

तेल घालण्यापेक्षा पुसणं महत्त्वाचं, हे बहुतेकांना पटत नाही. सायकल स्टँडवर घ्या, चेनकव्हर असेल तर काढा. जुन्या सुती फडक्यात चेन सैलसर धरून पायडल उलटं फिरवा. बोटं दातऱ्यांपासून लांब ठेवा, लहान मुलांना तर जवळ येऊच देऊ नका. मळ घट्ट बसला असेल तर जुना टूथब्रश थोड्या डिझेलमध्ये बुडवून घासा. रिम आणि टायरला डिझेल लागू देऊ नका, ब्रेक घसरतील. हे काम चुलीपासून दूर करा आणि उरलेलं डिझेल पाटात ओतू नका. चेन पूर्ण कोरडी झाली की शिलाई मशीनचं तेल प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडा, पायडल थोडा वेळ फिरवा आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. हात लावल्यावर चेन जवळजवळ कोरडी वाटली पाहिजे. हंगामात आठवड्याला एकदा, आणि पावसात भिजली की त्याच संध्याकाळी. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा टाळा, पाणी चाकाच्या छऱ्यांपर्यंत जातं.

चेनचं वय कंपासपेटीतल्या पट्टीने कळत नाही, ती अपुरी पडते. फूटपट्टी घ्या. चेन ताणून धरा, शून्यावर एका पिनेचा मध्य ठेवा आणि पुढचे 24 सांधे मोजा. नव्या चेनमध्ये ते बरोबर 12 इंच भरतात. त्यापेक्षा तीन मिलिमीटर जास्त भरले, तर साध्या सायकलची चेन बदलाच. गिअरच्या सायकलला दीड मिलिमीटरलाच बदललेली बरी. तशीच चालवत राहिलात तर ती फ्रीव्हीलचे दातेही खाते आणि मग दोन्ही बदलावे लागतात.