तंजावरची नवविद्या

१७७१ मध्ये जपानमधील एदो येथे सुगिता गेम्पाकू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डच ग्रंथातील शरीराच्या आकृत्या प्रत्यक्ष प्रेताशी ताडून पाहिल्या. प्रेत उघडून अवयव दाखविणारा नव्वदीचा वृद्ध तेथील ‘एता’ या अस्पृश्य समाजाचा होता. १७७४ मध्ये डच ग्रंथाचा अनुवाद प्रसिद्ध झाला, सुगिता अजरामर झाले. वृद्धाची ओळख ‘तोरामात्सूचा आजोबा’ एवढीच उरली.

मराठी राज्यकर्त्यांपैकी पाश्चात्त्य विद्येचा असा ध्यास घेतला तो तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी (१७९८–१८३२). मिशनरी श्वार्ट्झ यांचे ते शिष्य. त्यांनी युरोपीय ग्रंथ जमविले, धन्वंतरी महाल उभारला, देवनागरी छापखाना काढून १८०६ मध्ये इसापच्या कथा मराठीत छापल्या. पुण्यात तेव्हा पेशवाई होती!

आम्हा वसतिगृहवाल्यांना मात्र त्यांचे १८०१ चे पत्र अधिक मोलाचे वाटावे. त्यात अन्नछत्रांचे वर्णन आहे. ब्राह्मणापासून परैया या अस्पृश्य जातीपर्यंत प्रत्येक वाटसरूला तेथे भात मिळे. अनाथ मुले शिक्षकाच्या स्वाधीन केली जात. त्यांना तीन वेळा जेवण, वस्त्र, औषध आणि आवडीची विद्या मिळे. परैयाचा उल्लेख भाताच्या ओळीत आहे. विद्येच्या ओळीत नाही.