मठजीवनाची सुधारणा कोठून सुरू होते?

मठजीवनाची सुधारणा म्हटली की नवे नियम व कडक शिस्त आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. इतिहास मात्र आपणांस आणखी खोल पाहावयास लावतो.

फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात इ. स. 1001 मध्ये ड्यूक दुसरा रिचर्ड याने फेकां येथील मठ सुधारण्यासाठी वोल्पियानोचे विल्यम यांना पाचारण केले. ही सुधारणा राजाश्रयाने आली. पण 1034 मध्ये हर्लुइन नावाच्या योद्ध्याने तलवार खाली ठेवली, उतारवयात अक्षरे गिरविली आणि मठाच्या बांधकामासाठी स्वतः दगडमाती वाहिली. हाच पुढे बेकचा मठ झाला. लानफ्रांक व आन्सेल्म हे विद्वान तेथेच घडले आणि पुढे अनुक्रमे 1070 व 1093 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप झाले. त्या विद्येचा पाया मात्र एका सरदाराच्या श्रमांवर रचला गेला होता.

आपल्या महाराष्ट्रातही असेच घडले. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापून भारतीय वळणाच्या ख्रिस्ती बंधुत्वाचे स्वप्न पाहिले. त्यांचे चरित्र लिहिणारे मिशनरी जॅक विन्स्लो यांनी 1922 मध्ये अहमदनगर येथे ‘ख्रिस्त सेवा संघ’ सुरू केला. संघ पुढे पुण्यास आला. त्या काळी मिशनचा बंगला व देशी बांधवांचे घर यांत मोठे अंतर होते. संघात गोरे व देशी बंधू खादी नेसून एकाच पंगतीत जमिनीवर बसत. सुधारणेचा खरा कस तेथे लागला.

याच संघातील व्हेरियर एल्विन व शामराव हिवाळे हे 1932 मध्ये रायपूरच्या उत्तरेस मैकलच्या डोंगरांत करंजिया गावी गेले. गोंड बांधवांमध्ये राहून त्यांनी दवाखाना व शाळा चालविली. चर्चच्या अधिकाऱ्यांशी मतभेद होऊन एल्विन पुढे चर्चबाहेर पडले, हेही विसरू नये. अधिकार व सेवा यांची फारकत झाली की दोन्ही बाजूंची हानी होते.

पुण्याचा आश्रम 1972 मध्ये अँग्लिकन व रोमन कॅथोलिक भगिनींनी मिळून पुन्हा सुरू केला. दुरावलेल्या दोन मंडळ्या एका छपराखाली आल्या.

आरंभीच्या विश्वासणाऱ्यांचे सर्व काही समाईक होते (प्रे. कृत्ये 2:44). नियम मागाहून आले. आधी कोणीतरी आपले उच्चासन सोडले.

मननासाठी : आपल्या मंडळीच्या पंगतीत अद्याप कोणाला जागा मिळालेली नाही? त्यांच्यासाठी आपण कोणते आसन सोडणार?