इंग्रजी व गणित : अभ्यासवर्गासाठी सोपी साधने

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून दोन विषयांची नावे हमखास कानावर येतात : इंग्रजी आणि गणित. बाकीच्या विषयांत बऱ्यापैकी गुण मिळविणारा विद्यार्थी या दोहोंपैकी एकात अडकतो. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला जातो. त्यातही जमले नाही तर मुलगा कुठेतरी रोजंदारीवर लागतो आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. "त्याचे डोकेच चालत नाही," असे म्हणून आपण सारे मोकळे होतो. हे म्हणणे एकदा तपासून पाहिले पाहिजे. इतर विषयांत चालणारे डोके नेमके याच दोन विषयांत बंद का पडावे?

इतिहास, मराठी, नागरिकशास्त्र या विषयांना घरातील बोलण्याचा आधार मिळतो. बीजगणितातील सूत्राला आणि इंग्रजी वाक्याला आपल्या बहुसंख्य घरांत असा आधार नाही. ज्यांच्याकडे तो आहे, त्यांना तो शिकलेल्या आई-वडिलांकडून किंवा महागड्या शिकवणीतून मिळतो. आपल्या मुलांसाठी तो आधार डोळ्यांना दिसेल आणि हाताला लागेल अशा वस्तूंतून उभा करावा लागेल. विहारात संध्याकाळी जे अभ्यासवर्ग चालतात, तेथे शिकविणारे बहुतेक जण शिक्षक नसतात. कोणी कार्यालयात नोकरी करतो, कोणी कॉलेजात शिकतो. अशा कार्यकर्त्यांना ८ वी ते १० वीच्या मुलांसाठी वापरता येतील अशी काही साधने प्रस्तुत लेखात मांडली आहेत. यातील एकही वस्तू महाग नाही.

चूळपंथकाचे कापड

धम्मपदाच्या अट्ठकथेत चूळपंथक स्थविरांची कथा आली आहे. चार महिने प्रयत्न करूनही त्यांना एक गाथा पाठ होईना. तेव्हा त्यांचे थोरले बंधू महापंथक यांनी त्यांना विहार सोडून जाण्यास सांगितले. भगवान बुद्धांनी मात्र त्यांना परत नेले, स्वच्छ पांढऱ्या कापडाचा एक तुकडा हाती दिला आणि "रजोहरणं" असे म्हणत तो चोळीत बसण्यास सांगितले. हाताच्या घामाने व मळाने कापड मळत गेले. जे शुभ्र होते ते मलिन झाले, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून चूळपंथकांना अनित्यता उमगली. शिकविण्याच्या दृष्टीने या कथेचा अर्थ स्पष्ट आहे. पाठ होत नाही म्हणून विद्यार्थ्याला बाहेर काढायचे की त्याच्या हातात योग्य वस्तू द्यायची, हा शिक्षकाचा निर्णय असतो.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात प्राथमिक शाळेतील अभ्यासक्रम जीवनाशी जोडलेला असावा, त्यात हिशेब व शेतीचे ज्ञान असावे, असा आग्रह होता. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्यांचे इंग्रजी पक्के करण्याकरिता वडील सुभेदार रामजी यांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांच्याकडून घरीच करून घेतली. घरात साधन असेल आणि ते करून घेणारा माणूस असेल तर काय घडू शकते, याचे याहून मोठे उदाहरण आपल्यापुढे नाही.

गणिताची साधने

१) पुठ्ठ्याचे चौरस. (अ + ब)² चा विस्तार मुले अ² + ब² असा लिहितात. दहा वेळा खोडून दिला तरी अकराव्या वेळी तसाच लिहितात. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून १० से.मी. बाजूचा एक चौरस कापावा. त्याची बाजू ७ आणि ३ अशी विभागून आडवी व उभी रेघ मारावी आणि चार तुकडे करावेत. मोठा चौरस ४९, लहान चौरस ९ आणि ७ गुणिले ३ चे दोन आयत, प्रत्येकी २१. एकूण १००. आता दोन्ही आयत बाजूला काढून मुलांना विचारावे, "४९ आणि ९ मिळून ५८ झाले, मग ४२ गेले कुठे?" ते ४२ म्हणजेच २अब. हे तुकडे ज्याने स्वतः कापले तो मधले पद सहसा विसरत नाही.

२) बारा गाठींची सुतळी. सुतळीला समान अंतरावर गाठी माराव्यात आणि टोके जोडून १२ समान भागांचे कडे करावे. तीन मुलांनी ३, ४ आणि ५ भागांच्या बाजू होतील अशी ती ताणून धरली की ३ व ४ भागांच्या बाजूंमध्ये काटकोन तयार होतो. पायथागोरसच्या प्रमेयाचा हा व्यत्यास आहे. आपल्या अनेक मुलांचे वडील गवंडीकाम करतात. पाया आखताना ते एका दोरीवर ३ फूट व दुसरीवर ४ फूट मोजतात आणि तिरके अंतर ५ फूट येते का ते पाहतात. ५ हून जास्त आले तर कोन काटकोनाहून मोठा, कमी आले तर लहान. अशा एखाद्या पालकाला वर्गात बोलावून हे करून दाखविण्याची विनंती करावी. बापाच्या हातात भूमिती आहे, हे मुलाने एकदा पाहिले की त्या विषयाची भीती अर्धी कमी होते.

३) काड्या आणि नळी. काडेपेटीच्या गूल काढलेल्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीच्या लहान तुकड्यांनी जोडता येतात. अरविंद गुप्ता यांनी हे साधन देशभर लोकप्रिय केले. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन मात्र लगेच कलतो. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरलाच, म्हणून एकरूपतेची बाबाबा कसोटी चालते. छपराच्या कैचीत त्रिकोण का घालतात, तेही येथेच कळते.

४) काठीची सावली. १ मीटर काठीची सावली ८० से.मी. पडली आणि त्याच वेळी विहारासमोरील ध्वजस्तंभाची सावली ४.८ मीटर भरली, तर स्तंभाची उंची ६ मीटर. सूर्यकिरण समांतर येतात म्हणून दोन्ही त्रिकोण समरूप होतात. दोन्ही मापे एकाच वेळी घ्यावीत, नाहीतर सूर्य सरकतो आणि उत्तर चुकते.

५) पासबुक. बँकेत रोज जमा आणि नावे असे दोन रकाने हाताळताना मला नेहमी वाटते की ऋण संख्या शिकविण्यास याहून चांगला तक्ता नाही. जमा म्हणजे अधिक, नावे म्हणजे वजा. चुकून नावे पडलेले ५० रुपये रद्द झाले की शिल्लक ५० रुपयांनी वाढते. वजा काढून टाकले की अधिक होते, म्हणजे −(−५०) = +५०. "वजा वजा अधिक" हे केवळ पाठ केलेले वाक्य येथे समजलेले वाक्य होते.

दहावीतील अंकगणिती श्रेढीसाठी आवर्ती ठेव घ्यावी. दरमहा १०० रुपये १२ महिने भरले तर पहिला हप्ता १२ महिने राहतो, दुसरा ११ महिने आणि शेवटचा १ महिना. १२ पासून १ पर्यंतची बेरीज सूत्राने १२/२ × १३ = ७८. म्हणजे १०० रुपये ७८ महिने ठेवल्यासारखे झाले. ६ टक्के सरळव्याजाने व्याज ३९ रुपये. बँका तिमाही चक्रवाढ धरतात म्हणून प्रत्यक्षात थोडे अधिक येते. ते किती, हा पुढचा प्रश्न मुलांनाच द्यावा.

जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यासाठी दुकानाचे बिल पुरेसे आहे. ५०० रुपयांच्या वस्तूवर १८ टक्के म्हणजे ९० रुपये. त्यांतील ४५ केंद्राचे व ४५ राज्याचे, एकूण बिल ५९० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ व २८ टक्क्यांचे टप्पे काढण्यात आले आहेत. पुस्तकातील उदाहरणात जुना दर असेल तर रीत तीच ठेवून दर तेवढा बदलून घ्यावा.

इंग्रजीची साधने

१) उभे वाक्य. मराठीत क्रियापद शेवटी येते म्हणून मुले "आय स्कूल गो" अशी रचना करतात. तीन पुठ्ठ्यांवर "शी", "इज", "रीडिंग" हे शब्द लिहून तीन मुलांना ओळीने उभे करावे. प्रश्न करायचा म्हणजे "इज" धरलेल्या मुलाने "शी"च्या पुढे येऊन उभे राहायचे : "इज शी रीडिंग?" पुढच्या दिवशी "शी" आणि "प्ले" घ्यावे व "प्ले"च्या शेवटी लावायचा "एस" वेगळ्या चिठ्ठीवर लिहावा. प्रश्न करताना "डू" पुढे येते आणि ती चिठ्ठी "प्ले"कडून "डू"कडे जाते, तेथे तिचे "डज" होते. "डज शी प्लेज" का चुकते, ते सांगावेच लागत नाही. चिठ्ठी एकच आहे, ती दोन ठिकाणी कशी राहील?

२) रक्कम अक्षरी. धनादेश किंवा पैसे काढण्याची स्लिप यांचा नमुना पाहून तो वहीत आखून घ्यावा. बँकेतील फॉर्म गठ्ठ्याने उचलून आणू नयेत. रोज पाच रकमा इंग्रजीतून बोलाव्यात आणि मुलांनी त्या अंकी व अक्षरी लिहाव्यात. आपण "सत्तेचाळीस" म्हणताना सात आधी बोलतो, इंग्रजीत चाळीस आधी येतात, म्हणून ४७ चे ७४ होते. "थर्टीन" व "थर्टी" यांतील फरक कानाला सवय झाल्यावरच कळतो. "फोर"मधील "यू" हे अक्षर "फॉर्टी"त नसते. "नाईन"मधील शेवटचा "ई" "नाईन्टी"त राहतो, पण "नाइन्थ"मध्ये गळतो. रकमेच्या शेवटी "ओन्ली" का लिहायचे, हेही सांगावे : पुढे कोणी शब्द वाढवू नये म्हणून.

३) औषधाचे खोके. प्रत्येक घरात एखादी रिकामी बाटली किंवा खोके असतेच. "शेक वेल बिफोर यूज", "कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन" ही आज्ञार्थी वाक्ये आहेत. "मॅन्युफॅक्चर्ड बाय" हा कर्मणी प्रयोग आहे. व्याकरण तर शिकून होतेच, शिवाय आजीच्या गोळ्यांची मुदत संपली आहे की नाही, हे घरात पाहणारे एक माणूस तयार होते.

४) वीजबिल. बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. गणिताच्या तासाला त्याची सरासरी व स्तंभालेख काढावा. इंग्रजीच्या तासाला त्याच आकड्यांवर चार वाक्ये लिहावीत : वापर कधी वाढला, कधी घटला, कोणत्या महिन्यात सर्वांत जास्त होता. तक्त्यावरून परिच्छेद लिहिण्याच्या प्रश्नाची ही उत्तम तयारी आहे.

साधन वापरण्याचे नियम

पहिला नियम : साधन मुलांनीच तयार करावे. आपण केलेले तयार साधन दाखविले तर ती करमणूक होते. दुसरा : एका तासाला एकच साधन घ्यावे. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा : साधन बाजूला ठेवून तेच उदाहरण वहीत सोडवून घ्यावे. परीक्षेत सुतळी किंवा पुठ्ठा जवळ नसतो. हातातली गोष्ट डोक्यात आणि डोक्यातली कागदावर आली की त्या दिवशीचे काम संपले. चौथा : पाठ्यपुस्तक सोडू नये. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, त्यामुळे मागील इयत्तांची पुस्तकेही वर्गात ठेवावीत. दहावीच्या मुलाची अडचण पुष्कळदा सहावीच्या अपूर्णांकात असते.

या सर्वांसाठी विहारात एक पत्र्याची पेटी असावी. तीत कात्री, सुतळी, मोजपट्टी, पुठ्ठे, काड्या, जुनी बिले आणि एक शब्दकोश असावा. खाते क्रमांक, नाव, पत्ता असलेला भाग बिलांवरून व पासबुकाच्या प्रतीवरून आधी कापून टाकावा. पेटीची किल्ली एका जबाबदार विद्यार्थिनीकडे द्यावी आणि कोणत्या दिवशी काय शिकविले, याची वही ठेवावी. शिकविणारा एखाद्या दिवशी आला नाही तरी वही पाहून दुसऱ्याला वर्ग पुढे नेता येईल.

या दोन विषयांचा संबंध दहावीपुरताच नाही. बँकेतील लिपिक पदाच्या पूर्वपरीक्षेत १०० प्रश्नांपैकी ३० इंग्रजीचे आणि ३५ अंकगणिताचे असतात, वेळ १ तास. जागा राखीव असली तरी प्रत्येक विषयात ठरविलेले किमान गुण मिळवावेच लागतात. राखीव जागेचा हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिला. त्या जागेपर्यंत आपल्या मुला-मुलींना पोहोचविण्याचे काम आपले आहे. संस्थेच्या प्रत्येक सभासदाने आठवड्यातील एक संध्याकाळ अभ्यासवर्गास द्यावी. ज्यांना शिकविणे जमत नाही त्यांनी घरातील लग्नपत्रिका, रिकामी खोकी आणि जुनी बिले पेटीत आणून टाकावीत. मोजपट्टी धरता येणाऱ्या गवंड्याने आणि हिशेब येणाऱ्या भाजीवाल्या ताईंनीही वर्गात यावे. शिकविण्यासारखे पुष्कळ काही त्यांच्याजवळ आहे.