साधनाची पारख

मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या भागांतील जत्रांत दशावताराचा खेळ रात्रभर रंगतो. त्यातील संवाद लिहून ठेवलेले नसतात. नट ते आयत्या वेळी रचून बोलतात. म्हणून ज्या खेळाचे मुद्रण झाले नाही, त्यातील बोलणे त्या रात्रीबरोबरच लोपते.

नटांची संमती घेऊन असे मुद्रण आज भ्रमणध्वनीवरही करता येते. परंतु पुढे वाऱ्याची घरघर कमी करावी लागते, पेटी-पखवाजाचा आवाज बेताचा ठेवावा लागतो आणि नको ती दृश्ये गाळावी लागतात. त्यासाठी संगणकात योग्य सॉफ्टवेअर हवे.

काही सॉफ्टवेअरचे भाडे दरमहा भरावे लागते. ध्वनीसाठी 'ऑडॅसिटी' आणि चित्रांसाठी 'केडेनलाइव्ह' ही मात्र विनामूल्य मिळतात. ऑडॅसिटी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी घडविले. २००० साली ते सर्वांसाठी खुले झाले. 'दाविंची रिझॉल्व्ह'चीही एक आवृत्ती विनामूल्य आहे. परंतु तिला शक्तिमान संगणक लागतो. तो विकत घ्यावा लागला, तर फुकटची वस्तूही महागच पडते! चोरटी प्रत वापरणे तर गुन्हाच होय.

यास्तव आधी काम पाहावे, मग आपला संगणक पाहावा आणि शेवटी किंमत. पाच मिनिटांच्या तुकड्यावर साधन पारखून घ्यावे. मूळ मुद्रण मात्र जसेच्या तसे जपावे. कारण एकदा गेलेला शब्द कोणत्याही मोलाने परत मिळत नाही.

स्वाध्याय
१. दशावताराचे मुद्रण करणे का आवश्यक आहे?
२. 'फुकटची वस्तूही महाग पडते', हे केव्हा खरे ठरते?