बॉयलरच्या पाण्याची निगा



कोयाली, नंदेसरी, मकरपुरा ही नावे आपल्या वडोदऱ्यात घरोघरी ठाऊक आहेत. अशा ठिकाणच्या अनेक कारखान्यांत वाफ लागते आणि ती बॉयलरमध्ये तयार होते. बॉयलर म्हटले की आपल्याला आग आठवते; पण त्याचे आयुष्य ठरते ते पाण्यावर. म्हणून या अंकात आम्ही हा पाठ घेतला आहे.

दोष कोणते?

पहिला दोष कठीणपणा. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर नळ्यांवर थर धरतात, जसा किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. हा थर उष्णता अडवतो. इंधन जास्त जळते आणि नळीचा धातू प्रमाणाबाहेर तापून मऊ पडतो. अशी नळी फुटली, तर जवळ काम करणाऱ्याच्या जिवावर बेतते.

दुसरा दोष विरघळलेला ऑक्सिजन. तो लोखंडाला बारीक खड्डे पाडतो. वरून नळी धड दिसते, पण आतून पोखरलेली असते.

उपाय कोणते?

सॉफ्टनरमधील रेझिन कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवते आणि त्यांच्या जागी सोडियम सोडते. रेझिन थकले की मिठाच्या पाण्याने धुऊन ते पुन्हा कामाला लावतात. ऑक्सिजन घालवण्यासाठी पाणी डीएरेटरमध्ये साधारण १०५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. उरलेला ऑक्सिजन सोडियम सल्फाइट शोषून घेते.

येथे एक गैरसमज दूर करू. सॉफ्टनरमुळे पाणी क्षारमुक्त होत नाही. फक्त क्षार बदलतात. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात आणि पाणी दाट होत जाते. ते फार दाट झाले, की फेस येऊन वाफेबरोबर पाणीही बाहेर पडते. म्हणून थोडे पाणी सोडून द्यावे लागते. यालाच ब्लोडाऊन म्हणतात. त्या पाण्याबरोबर इंधनाची उष्णताही गटारात जाते.

एक हिशेब

समजा, बॉयलरला दिलेल्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि बॉयलरमध्ये ३००० ची मर्यादा पाळायची आहे. जितके क्षार आत येतात तितकेच बाहेर गेले पाहिजेत. म्हणून १००० किलो वाफेमागे सोडायचे पाणी :

१००० × २०० ÷ (३००० − २००) = सुमारे ७१ किलो

आता वापरलेल्या वाफेचे थंडावून झालेले पाणी, म्हणजे कंडेन्सेट, परत आणले. ते जवळजवळ क्षाररहित असते. दिलेल्या पाण्यात ते निम्मे असेल, तर क्षार १०० वर येतात :

१००० × १०० ÷ (३००० − १००) = सुमारे ३४ किलो

नुकसान निम्म्याहून कमी झाले. शिवाय कंडेन्सेट गरम असल्याने इंधनही वाचते. मात्र त्यात तेल वा रसायन मिसळलेले नाही, हे तपासूनच ते परत घ्यावे. औषधे वाढवत बसण्यापेक्षा आत येणारे क्षार कमी करणे, हीच खरी सुधारणा.

करून पाहा

दोन स्वच्छ स्टीलच्या वाट्यांत नळाचे आणि आर.ओ.चे पाणी समान घ्या व उन्हात आटू द्या. तळाशी काय उरले, त्याची वहीत नोंद करा. घरात कोणी कारखान्यात असेल, तर तिथले कंडेन्सेट कुठे जाते, हेही विचारा.