वीज गेली तर स्पिंडल कुठे थांबेल?

प्रश्न : लाकडावर नक्षी कोरणारा छोटा सीएनसी राउटर मी घरीच बनवतोय. स्पिंडल आणि त्याची पाटी मिळून पाच किलो भरते. मित्र म्हणतो, तिन्ही अक्षांना बॉल स्क्रूच लाव, साध्या आट्यांचा जमाना गेला. पैसे जमवले आहेत. घेऊ का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आडव्या दोन अक्षांना जरूर घ्या. उभ्या अक्षाला मात्र घेऊ नका.

बॉल स्क्रूमध्ये नट आणि स्क्रू एकमेकांवर घासत नाहीत. मधल्या खोबणीतून पोलादी गोळ्या लोळत जातात आणि नटातल्या वाटेने पुन्हा सुरुवातीला येतात. त्यामुळे मोटरचा सुमारे 90 टक्के जोर कामी येतो. 16 मिमी जाडीच्या, 4 मिमी पिचच्या (म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधल्या अंतराच्या) साध्या ट्रॅपेझॉइडल स्क्रूवर पितळी नट असेल, तर 35 टक्क्यांच्या आसपासच येतो. बाकीचा घर्षणात जातो.

पण हे घर्षण वाया गेलं असं समजू नका. गाडीचं चाक बदलताना जॅकचा दांडा सोडला तरी गाडी खाली येत नाही, ती याच घर्षणामुळे. वर सांगितलेल्या 16 मिमी स्क्रूच्या आट्यांचा चढही जेमतेम 5 अंशांचा. एवढ्या उतारावरून नट आपल्या वजनाने घसरत नाही. गोळ्यांवर बसलेला नट घसरतो. वीज गेली की मोटरची पकड सुटते, स्पिंडल स्क्रूला उलटं फिरवत खाली येतो आणि कटर अर्धवट कोरलेल्या फळीत रुततो. कोकणातल्या पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

साधा स्क्रू घेतानाही एक चूक सर्रास होते. थ्रीडी प्रिंटरचा 8 मिमीचा स्क्रू स्वस्त मिळतो. त्यावर बहुधा चार आटे शेजारी शेजारी असतात आणि एका फेऱ्यात नट 8 मिमी सरकतो. या अंतराला लीड म्हणतात. इथे चढ 20 अंशांवर जातो, म्हणजे हा साधा स्क्रूही भार धरून ठेवत नाही. खरेदी करताना पिच विचारू नका, लीड विचारा.

साध्या नटात थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच. उभ्या अक्षावर तो फारसा जाणवत नाही, कारण स्पिंडलचं वजन आट्यांना एकाच बाजूला दाबून धरतं. कटर वर उचलला जाण्याची भीती वाटत असेल, तर स्प्रिंग लावलेला दुहेरी नट बसवा. आडव्या अक्षांवर असा आधार नाही. तिथे दिशा उलटताना स्क्रू थोडा रिकामा फिरतो, आणि कोरलेल्या वर्तुळावर चार ठिकाणी पायऱ्या उमटतात. म्हणून खर्च करायचा तो तिथे.

स्वस्त बॉल स्क्रूच्या नटातही प्ले असू शकतो. दुकानातच नट हातात धरून पुढेमागे हलवून पाहा. सी-7 दर्जाच्या स्क्रूत 300 मिमीमागे सुमारे 0.05 मिमी चूक चालते. लाकडाला ती पुष्कळ झाली. आयुष्याची काळजी नको : भार निम्मा झाला की बॉल स्क्रूचं आयुष्य आठपट होतं, आणि तुमचा भार अगदीच हलका आहे. त्याचे खरे शत्रू भुसा आणि दमट हवा. नटाच्या दोन्ही टोकांना वायपर हवेतच, वर भात्यासारखं आवरण घाला, आणि पावसाळ्यात मशीन बंद असलं तरी स्क्रूवर तेलाचा हात फिरवत राहा.

उद्या उभ्या अक्षाचा वेग अपुरा वाटला आणि तिथेही बॉल स्क्रू घ्यावासा वाटला, तर वीज जाताच आपोआप पकडणारा ब्रेक असलेली मोटरही त्याच वेळी घ्या.

मशीन उभं राहिलं की पहिलं लाकूड लावण्याआधी कटर काढून ठेवा, स्पिंडल वर न्या, खाली जाड फोम ठेवा आणि मुख्य बटण बंद करा. स्पिंडल तसूभरही खाली आला नाही, तरच कामाला लागा.